एकच पाणी, दोन खिडक्यांत

मी, खाली सही करणार, वय ४४ वर्षे, व्यवसाय नोकरी (नदीमापन कार्यालयात आकडे तपासनीस), राहणार कार्यालयामागची कर्मचारी वसाहत, पहिला मजला, आज शुक्रवारी सायंकाळी ठाण्यात स्वतः हजर राहून जबाब देतो की,

माझा थोरला भाऊ, ज्याला घरात आणि कार्यालयातही सगळे दादाच म्हणतात, वय ५६, नदीच्या वरच्या केंद्रावर पाण्याची पातळी वाचण्याचे काम करतो. तो व माझी वहिनी केंद्राला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहतात. त्यांना मूलबाळ नाही. रोज दुपारी चार वाजता दादा पायऱ्या उतरतो, पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवरचा आकडा पाहतो आणि केंद्रातल्या संगणकावर भरतो. खालच्या केंद्रावर हेच काम एक बाई करतात. दोन्ही फाइली माझ्याकडे येतात; केंद्रांवरही एकमेकांच्या फाइली पाहता येतात, पण नोंद ज्या-त्या केंद्राच्या संगणकावरूनच भरता येते.

सोमवारी सकाळी मीच दादाला कळवले की पुढच्या महिन्यापासून मोजपट्टीजवळ यंत्र बसणार असून वाचकाची गरज उरणार नाही. हे सांगण्याचे काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारले होते. दादाने ऐकून घेतले, माझ्यापुढे चहा सरकवला आणि विचारले, "यंत्र पायऱ्या उतरणार का रे?" मी म्हणालो, नाही, ते पाण्यातच उभे राहील. "बरंय त्याचं," एवढेच तो म्हणाला. त्या दिवशीची नोंद त्याने नेहमीप्रमाणे भरली. मंगळवारी सकाळी तो पिशवी घेऊन पायऱ्यांकडे गेला व परत आला नाही.

मला हे गुरुवारी सकाळी समजले. कसे समजले, असे हवालदारांनी विचारले, म्हणून कामाची पद्धत सांगतो. पूर्वी एक फाइल पाहून बंद करायची आणि मग दुसरी उघडायची, तोवर पहिलीतला आकडा डोक्यातून निसटलेला असे. आता दोन्ही फाइली मी पडद्यावर शेजारी शेजारी, दोन वेगळ्या खिडक्यांत उघडतो. एक सरकवली की दुसरीही तेवढीच सरकते. साहेब तारखेला तारीख लावून पाहतात. मी तसे करत नाही. दादाच्या केंद्रावरचे पाणी खालच्या केंद्राला पोहोचायला एक दिवस घेते. म्हणून मी खालच्या केंद्राची खिडकी एक ओळ पुढे सरकवून ठेवतो. दादाचा सोमवार आणि बाईंचा मंगळवार एका ओळीत येतात. जे पाणी डावीकडे दादाने पाहिले, तेच उजवीकडे बाईंनी पाहिलेले असते.

दुपारी कार्यालय पेंगुळलेले असते. तेव्हा मी माउसच्या चाकावर बोट ठेवून दोन्ही खिडक्या सावकाश सरकवत राहतो. थोड्या वेळाने आकडे दिसेनासे होतात आणि पाणी दिसू लागते. दादा पायरीवर वाकलेला असतो, लाट स्थिर व्हायची वाट पाहत असतो. त्याच्या पायांना लागलेले पाणी रात्रभर झाडांखालून वाहते आणि दुसऱ्या दिवशी बाईंसमोर येते, तेव्हा त्याला दादाची ओळख असते असे मला वाटते. कित्येकदा साहेबांनी हाक मारल्यावर मी पाण्यातून वर आल्यासारखा दचकलो आहे. हवालदारांनी मुद्द्यावर येण्यास सांगितले. मुद्दा हाच आहे.

खालचा आकडा दादाच्या आकड्यापेक्षा साधारण बारा सेंटिमीटरने जास्त असतो. कधी अकरा, कधी तेरा. गुरुवारी सकाळी पाहिले, तर दादाचा मंगळवार व बाईंचा बुधवार यांचा मेळ बसेना. मग साहेबांसारखी तारखेला तारीख लावली. मंगळवारी बरोबर बारा कमी, बुधवारीही बरोबर बारा कमी. हे आकडे नदीचे नव्हते. कोणीतरी बाईंच्या त्याच दिवशीच्या आकड्यातून बारा वजा करून लिहीत होते. मी तसाच उठून केंद्रावर गेलो.

वहिनी संगणकासमोर बसली होती. बाईंची फाइल एका खिडकीत आणि दादाची दुसऱ्या. तिने काही लपवले नाही. ती म्हणाली, "भावजी, रकाना रिकामा राहिला असता तर ते नाहीत असं झालं असतं." पायऱ्यांवर दादाची पिशवी मंगळवारपासून तशीच होती. वहिनीने ती उचलली नव्हती. उचलली असती तर दादा परत येणार नाही हे मानल्यासारखे झाले असते, असे मला वाटते.

त्याच दुपारी खोलीला कुलूप लावून आम्ही दोघे या ठाण्यात आलो. पिशवी पाहून दादा पाय घसरून पडला असावा, असे ठरले व पाणबुडे खालच्या वळणापर्यंत शोध घेत गेले. आम्ही दिवेलागणीपर्यंत याच बाकावर बसून होतो. केंद्राच्या खोलीला दोनच किल्ल्या आहेत. वहिनीची तिच्या मुठीत होती. तिच्या तळव्यावर वळ उठलेला हवालदारांनीही पाहिला. दुसरी दादाकडे असते.

आज सकाळी मी फाइली उघडल्या. दादाच्या फाइलीत गुरुवारी दुपारी चारची नोंद भरलेली होती, २१४. ती मी भरलेली नाही, वहिनीनेही नाही. बाईंचा गुरुवारचा आकडा १९९ होता. वजाबाकी केली असती तर १८७ आले असते. हवालदारांचे म्हणणे पडले की कोणीतरी खोडसाळपणा केला असेल. म्हणून मी आज चार वाजेपर्यंत थांबलो. आज बाईंनी २२७ भरले. वर कुठेतरी पाऊस झाला असावा. हे चढते पाणी गुरुवारी फक्त दादाच्या पायऱ्यांवर होते, खाली कोणाला त्याची कल्पना नव्हती. ज्याने २१४ लिहिले त्याने मोजपट्टीपाशी उतरून स्वतःच्या डोळ्यांनी पाणी पाहिले होते आणि त्याच्याकडे किल्ली होती. मी दोन्ही खिडक्या शेजारी लावल्या. ते एकच पाणी होते. मला रडू आले, हे लिहून घेतले तरी हरकत नाही.

आजचा दादाचा रकाना रिकामा आहे. आज चार वाजता पायऱ्यांवर दोन शिपाई उभे होते.

माझी विनंती अशी की पाणबुडे परत बोलवावेत व शोध काठावर, आसपासच्या रस्त्यांवर, धर्मशाळांत घ्यावा. उद्या चार वाजता पायऱ्यांवर गणवेशातले कोणी असू नये. वहिनी एकटी जाऊन बसेल.

हवालदारांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. वर विषयाच्या ओळीत भावाच्या आधी "मयत" असा शब्द टंकला गेला होता. तो मी माझ्या हाताने खोडून शेजारी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच व खरे आहे.