झान लाकडाचा भाव

(इजिप्तमधल्या दमिएत्ता गावी लाकडाची वखार. वखारवाले हाज्जी शिन्नावी आणि सुतार मतवल्ली. बोलणं झानचं, म्हणजे बीच झाडाच्या टणक लाकडाचं. समोर चहा.)

मतवल्ली : हा भाव मागच्या आठवड्यातला की आजचा?

हाज्जी : आजचा. संध्याकाळचा मला विचारू नकोस, डॉलरला विचार.

मतवल्ली : पाइनच्या दुप्पट! शेवटी झाडंच ना दोन्ही?

हाज्जी : उस्ता, तू सुतार असून विचारतोस? पाइन सरसर वाढतं. झानला तिकडे रोमानियाच्या डोंगरात शंभर वर्षं लागतात. मग वाफवा, महिनोन् महिने सुकवा, नाहीतर पिळवटतं. वर जड. ट्रकवाला वजनावर पैसे घेतो.

मतवल्ली : आणि महोगनी?

हाज्जी : तिचं नावच काढू नकोस. तिच्या जंगलांना कुलपं लागलीत.

मतवल्ली : ठाऊक आहे हो सगळं. गिऱ्हाइकांना मीच हे सांगतो. आज वाटलं, कुणीतरी म्हणावं हे खोटं आहे.

हाज्जी : काम कुणाचं आहे?

मतवल्ली : हनादीचं. ईदनंतर लग्न. पलंग आणि कपाट.

हाज्जी : तुझी हनादी? अल्लाह बरकत देवो! अरे, मग पाइनच ने. वरून झानचा पातळ पापुद्रा चिकटव. सासू मनसूरा शहरातली, तिला लाकडातलं काय कळतंय?

मतवल्ली : सासूला नाही कळणार. पण कपाट चौथ्या मजल्यावर चढवायला आमची गल्ली येणार. सगळे सुतार. खांद्यावर घेतलं की पापुद्रा काय कामाचा? जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींना झान दिलं आणि स्वतःच्या पोरीला पाइन, असं म्हणतील. मला तोंड दाखवता येणार नाही.

हाज्जी : मागच्या वर्षी तुमच्याच गल्लीतल्या बयूमी सुताराच्या मुलीचं कपाट चढवायला तू होतास ना?

मतवल्ली : होतो. खालची बाजू माझ्याकडे होती.

हाज्जी : कसलं होतं?

मतवल्ली : झानचं.

हाज्जी : मतवल्ली, त्याला लाकूड मी दिलं होतं.

मतवल्ली : ...पाइनचं. दुसऱ्या पायरीवरच कळलं.

हाज्जी : मग काय केलंस?

मतवल्ली : काय करणार? ओरडलो, "सावकाश रे, केवढं जड आहे!"

हाज्जी : आणि बाकीचे?

मतवल्ली : बाकीचे तिघं माझ्याहून जास्त कण्हत होते.