जमीन बसली आहे

मी खाली सही करणारी, वय ४७ वर्षे, धंदा – नोकरी, नवीन जंगल लागवड योजनेत लोकसंपर्काचे काम, राहणार – बंद दगडखाणीशेजारची कामगार वसाहत, पाण्याच्या टाकीमागची शेवटची खोली. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी आई आणि वहिनीसोबत राहते. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. आईला कमी ऐकू येते, त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात आणि आमचे काहीच शेजाऱ्यांपासून लपून राहत नाही. दादा, म्हणजे माझा भाऊ, खाणीत सुरुंग भरायचे काम करायचा. नऊ वर्षांपूर्वी खाणीचा वरचा कडा सुटून खाली आला. त्या पाळीतले सात जण आत राहिले. दोघे सापडले. दादा सापडला नाही. आणखी दरड सुटू लागली म्हणून शोध थांबवला. तेव्हाच्या साहेबांनी वसाहतीत येऊन सांगितले की जमीन बसू द्या, जमीन बसली की पुन्हा खणू. हे मी स्वतः ऐकले आहे, वहिनीनेही ऐकले आहे. पुढे ते साहेब बदलले.

गेल्या वर्षी त्या जागेवर जंगल उभे करायचे ठरले. लोकांना विश्वासात घ्यायला वसाहतीतलेच कोणीतरी हवे होते, म्हणून मला घेतले. कामावर लागल्यावर आम्हाला प्रशिक्षण दिले. त्यात सांगितले की लोकांना ‘झाडे हवीत का’ असे कधी विचारू नये, कारण लोक नाही म्हणतात आणि मीटिंग फुकट जाते. ‘कोणती झाडे हवीत’ असे विचारावे. मी तसेच विचारत आले. हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, हा नियम माझा नाही, पण तो मला पटला होता.

मीटिंगा वसाहतीच्या हॉलमध्ये झाल्या. चहा-बिस्किटे असल्यामुळे गर्दी बरी व्हायची. निवृत्त मास्तरांना फळझाडे हवी होती, म्हणजे पोरांना दगड मारायला काहीतरी होईल. लाँड्रीवाल्या काकांना झाडे हवी होती, पण पानगळ नको होती. ड्रायव्हर लोकांना सावली हवी होती, तीही टेम्पो उभा करतात तिथेच. मी सगळ्यांचे ऐकून घेतले. नको असे कोणीच म्हणाले नाही. तसे म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती.

तिसऱ्या मीटिंगला वहिनी आली. ती एरवी कुठे जात नाही. सगळ्यांच्या मागे उभी राहून तिने विचारले, “वन्सं, जमीन बसली का?” मी म्हटले, “बसली, वहिनी. तपासणी झाली, तसा रिपोर्टच आलाय.” ते खरे होते. जमीन बसली, लागवडीस योग्य आहे, असा रिपोर्ट होता. वहिनी हसली. मग म्हणाली, “मग एखादं पांढऱ्या फुलांचं झाड लावा.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या वेळी फार बरे वाटले. वाटले, चला, हिने एकदाचे मनावर घेतले, आता ही मोकळी होईल. दादाच्या जागी जंगल व्हावे असे मलाही मनापासून वाटत होते. रिकाम्या उतारापेक्षा ते बरे. त्या दिवसापासून वहिनी नीट जेवू लागली. तसे का, ते मी विचारले नाही.

आज सकाळी खड्डे खणायचे मशीन आले. मी जागेवर होते. थोड्या वेळाने वहिनी आली. तिने कारखान्यातून रजा घेतली होती. तिच्याकडे घरचे फावडे आणि एक पिशवी होती. पिशवीत दादाचा धुऊन इस्त्री केलेला शर्ट आणि पँट होती, ते मी नंतर पाहिले. ती मशीनपासून जरा लांब, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. तेवढ्यात रोपांचा टेम्पो आला. तेव्हा आमचे बोलणे झाले ते असे.

“वन्सं, हे काय आणलंय?”

“रोपं आहेत.”

“आत्ता कशाला? आधी खणायचं ना?”

“खणतायत की, वहिनी. ते बघ खड्डे.”

ती एका खड्ड्यापाशी गेली, वाकून बघितले आणि म्हणाली, “हातभर?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके महिने ती कशाची वाट बघत होती ते मला कळले, आणि ते होणार नाही हे तिलाही कळले.

वहिनी खड्ड्यात पाय सोडून बसली आणि फावड्याने पुढची माती ओढू लागली. खड्ड्यांच्या कामावरच्या मुकादमांनी दोनदा उठायला सांगितले, तेही नीट शब्दांत. मग त्यांनी तिचा दंड धरला. तिने फावड्याचा दांडा त्यांच्या हातावर मारला. अंगठ्याला लागले, रक्त आले. तिने चुकून मारले का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही, मारायचे म्हणूनच मारले. मी खोटे सांगणार नाही. मुकादमांची यात काही चूक नाही. त्यांना यातले काही माहीत नव्हते, त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि सांगायचे काम माझे होते.

मी ऑफिसात मोठ्या साहेबांना फोन लावला. पुन्हा शोध घ्यायचे ठरले होते, असे सांगितले. साहेब म्हणाले की तसा कागद नाही, आणि आता जागा जंगलाच्या नावाने झाली आहे, तिथे यापुढे खोल खणायला कोणालाच परवानगी मिळणार नाही, त्यांना स्वतःलाही नाही. वहिनीला उठवायला पोलीस आले. ती ज्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती, त्यात गाडी निघायच्या आधीच रोप लागले होते.

ठाण्यात बाकावर बसल्यावर वहिनीने मला विचारले, “वन्सं, ही झाडं मेली तर?” मी म्हटले की तीन वर्षे देखरेख आहे, त्याला माणूस नेमला आहे, तो रोज फेरी मारून कोणते रोप गेले ते बघतो आणि त्याच जागी दुसरे लावतो. ती म्हणाली, “आणि मेलेलं?”

मी म्हटले, “ते खणून बाहेर काढतात.”

“सगळी?”

“एकूणएक.”

“हं,” वहिनी म्हणाली. “त्यांना काढतात.”

त्यानंतर तिने पाणीही घेतलेले नाही. तिच्यावर काय कलम लावायचे ते लावावे, मात्र आई घरी एकटी आहे, म्हणून आम्हा दोघींपैकी एकीला अंधार पडायच्या आत घरी सोडावे, अशी विनंती आहे. शक्य असल्यास वहिनीला सोडावे.

हवालदारांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला, तो बाकावरून वहिनीनेही ऐकला. मी सांगितले तसाच तो उतरवला आहे, त्यातले काही बदलायचे नाही.