ओटी कोणत्या चर्चमधली

हॉस्पिटलात आपला नंबर यायची वाट बघून नम्रता कंटाळली होती. शेजारच्या आजी मोबाइलवर फोटो सरकवत होत्या. फोटोमागून फोटो, सगळे इटलीतल्या जुन्या चर्चचे. आजोबांच्या मांडीवर रिपोर्टची फाइल होती.

“अहो, हेच का ते? पायऱ्यांचं?”

“पायऱ्या सगळ्यांनाच आहेत. आपल्या अवनीच्या त्या एवढ्याशा गावात माणसांपेक्षा चर्चच जास्त.”

“नीट बघा. तुमचा रिपोर्ट चांगला येऊ दे, मेरीची ओटी भरीन, असं तिथे मूर्तीपुढे बोलले होते मी. आता आलाय चांगला. अवनीला कुठल्या चर्चमध्ये पाठवू?”

“मेरीला खणानारळाची ओटी. पाद्री नारळ बघून पोलीस बोलावेल.”

“कडेवर मूल आहे तिच्या, तिला कळतं. हे घंटेचं का?”

“कुठेही भर. मेरी एकच.”

“नवस सारसबागेतल्या गणपतीला बोलायचा आणि कसब्यातल्या गणपतीला फेडायचा, असं चालतं का?”

“मग बेकरीमागचं बघ. हिरव्या दाराचं. मूर्तीपुढे दोन मेणबत्त्या जळत होत्या.”

“छे, ते नव्हे. मी लावली तेव्हा माझी एकटीचीच होती.”

“तेच ते.”

“मग दुसरी कुठून आली? आणि तुम्हाला काय माहीत? देवाधर्मावर विश्वास नाही म्हणून तुम्ही बाहेर कॉफी पीत बसला होतात.”

आजोबांनी फाइल उघडली आणि पुन्हा मिटली.

“अहो, मी काय विचारतेय?”

“अवनीला लिही, नारळ दोन घेऊन जा म्हणावं.”