कानापासून लांब

डोंगरकड्याच्या दवाखान्यात गुडघे दाखवायला आलेल्या रहिमाबीचा नंबर लई लांब होता. तपासून बाहेर आलेली सासू-सून तिच्याच बाकावर टेकली, तसा तिनं तिकडं कान दिला.

"आता द्या माझा फोन, आत्याबाई."

"कशाला? त्याची किरणं पोटातल्या लेकराला बाधतात."

"डॉक्टरीणबाईनं आत्ताच सांगितलं ना, तसं काई सिद्ध झालं न्हाई म्हून. तरी जिवाला घोर असंल, तर फोन कानापासून लांब धरा, स्पीकरवर बोला."

"तिला सांगायला काय जातंय? पोटात माझा नातू हाय."

"तुमचा लेक माझ्याच उशाला फोन ठिवून झोपतो. त्याची किरणं भिताडाकडं जातात व्हय?"

"लई तोंड सुटलं तुझं, शिवकन्या."

"दोन महिने आईसंग बोलू दिलं न्हाई, म्हून साठलंय."

सासूनं कुरकुरत ब्लाउजातून फोन काढून दिला. सुनेनं तो बाकावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"आई, मी बोलून राहिले."

"कुठं व्हतीस गं माय? सातवा सरला. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं म्हून मी खोली सारवून ठिवली. तुह्या सासूला इचारलं, तर म्हणती तुलाच यायचं न्हाई."

रांगेतल्या बायांच्या गप्पा थांबल्या.

"कमी कर तो आवाज."

"कमी केला तर कानाला लावावा लागंल, आत्याबाई. लेकराला बाधंल. आई, त्या इथंच बसल्यात. तूच इचार."