पडवीतलं ताट

मंगल : न्हेणार न्हाई? भाऊ, पेडण्यासनं डिचोलीपर्यंत ह्येच सांगाय आलात? उद्या गणपतीची चवथ. सकाळधरनं तुमची बहीण आश्रमात आत पिशवी मांडीवर घेऊन बसलीया.

कृष्णनाथ : मंगलबाय, बायल आयकणा नाय. यशोदाच्या रगतात ती कावीळ, हेपटायटिस बी. घरात पोरां आसत.

मंगल : ती जेवल्यानं न्हाई होत, शेजारी बसल्यानं न्हाई होत. डॉक्टरनी सगळ्या घरच्यांस्नी सांगितलं, रक्त तपासा, लस घ्या.

कृष्णनाथ : बायलेन तिचा ताट वेगळा काढून ठेवला. पडवेत. तां माका बघवाचा नाय. म्हणान न्हेणंय नाय.

मंगल : गेल्या खेपेला सगळ्यांच्या म्होरं मला बोललात. तुमच्या घाणीनं बहीण नासली, म्हणालात. मी ऐकून घेतलं. ह्या आश्रमातल्या पोरी चाळिशीला आल्या तरी आपलं आपल्याला काय सांगता येत न्हाई त्यांस्नी, आन् सगळ्यांची नखं एकाच नेलकटरनं काढायची मी. तसं रक्त लागूनच हितल्या पोरींस्नी कावीळ झाली असंल, त्याची लाज हाय मला.

कृष्णनाथ : त्या दिसाचा काढू नका.

मंगल : काढते. तिनं तुमचा हात धरला, तुम्ही झिडकारून नळावर धुतलात. तवापासनं ती कुणालाबी शिवायच्या आधी इचारती, हात लावू? मी वेणी घालताना मलाबी.

कृष्णनाथ : मी माझा रगत तपासला.

मंगल : मग?

कृष्णनाथ : माकाय आसा. डॉक्टर म्हणता, जुना आसा. आवशीकडसून इला आसतला, जन्मताच. आवस पोटात पाणी भरान गेली. आमी म्हणत होतो, कोणीतरी करणी केली.

मंगल : म्हणजे यशोदालाबी आईकडनंच...

कृष्णनाथ : थंयसूनच, बहुतेक. हंयच्या पोरींक तिच्याकडसून गेला काय, देवाक ठावक. आनी घाण मी तुमकां म्हटलंय. तुमच्यासमोर उभा रवाक लाज वाटता.

मंगल : कुणाकडनं कुणाला गेलं, ते आता डॉक्टरलाबी सांगता यायचं न्हाई. घरात सांगितलंत?

कृष्णनाथ : नाय.

मंगल : मग तुमचं ताट कुठं हाय?

कृष्णनाथ : भितर. पोरांच्या वांगडा.

मंगल : पोरांच्या ताटाचं जाऊ द्या. बायको तुमच्या शेजारी झोपती. तिचं आन् पोरांचं रक्त तपासाय पायजे, लस द्याय पायजे. आजच सांगा तिला.

कृष्णनाथ : चवथीच्या आदल्या दिसा? माकाय पडवेत बसयतली.

मंगल : बसा की. यशोदाला सोबत हुईल.

यशोदा : (पिशवी घेऊन बाहेर येत) दादा, इलंस? हात लावू?

कृष्णनाथ : आदी ती पिशवी हंय दे. हां. आता धर.