खिडकीखालची चार फूट भिंत

नाही, तुम्हीच सांगा... मागितलं काय होतं मी? चार फूट भिंत! हॉलच्या खिडकीखालची, जिथं हिवाळाभर कोणी फिरकत नाही, तेवढी! बंगला मागितला? सासऱ्याची शेती मागितली? घरात खेळण्यातल्या रेल्वेचं एक लहानसं यार्ड मांडतो म्हटलं, तं असं वातावरण झालं जसं मी दुसरी बायको आणून राहिलो!

तुम्हाले सांगतो, लहानपणी बाबा मले सायकलवर बसवून अजनीच्या पुलावर न्यायचे. लोकं एक्स्प्रेस पाहायचे, मी शंटिंग पाहायचो. एकटं इंजिन... मागं जाते, एक डबा सोडते, दुसरा घेते, परत मागं... घाई नाही, आरडाओरडा नाही. लई आवडायचं मले! नंदनवनच्या या फ्लॅटमध्ये तेच पाह्यजे होतं. एक इंजिन, पाच डबे, तीन लायनी, बस! पण आमची चारुशीला... कणकीचे हात तसेच कमरेवर ठेवून, "गोल फिरत नाही का हो ते?" नाही. "बोगदा?" नाही. "मंग जाते कुठी?" म्हटलं, कुठीच जात नाही, जागच्या जागी डबे इकडचे तिकडं करते. "म्हणजे तुमच्या ऑफिससारखंच!" ...हसा. हसा तुम्ही पण!

अन् तिचा भाऊ! उन्मेष! कळमेश्वरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, म्हणून जगातल्या सगळ्या कामाचा सुपरवायझर! दर रविवारी हजर. माहा नकाशा समोर, हातात तर्री-पोह्याची प्लेट... "भाऊजी, हे चुकलं. डबे मागं घ्यायची लाईन आखूड पडली. इंजिन अन् दोन डबे तिथं मावले नाही, तं लाईन बदलायचा सांधा पलटवता येत नाही." बरोबर होतं का? होतं! म्हणूनच तं जास्त राग आला! खोडलं. मंग म्हणे, नरखेडचा संत्रा भरायले एक सायडिंग पाह्यजे. खोडलं. मंग नकाशावर तर्री सांडली, म्हणजे परत काढलं! अख्खा हिवाळा गेला चार फुटात! शेवटी फळी कापली, तं हा म्हणे, "टेबल नको भाऊजी, हललं तं रूळ बसत नाही. भिंतीतच ठोकून टाकू. परमनंट!" ठोकली. ब्रॅकेट, बोल्ट, वरून सिमेंट! अन् दोघंही स्वेटर घालून समोर उभे, कौतुकानं पाहून राहिलो!

पुढचं तुम्ही नागपूरचे असाल तं ओळखलंच असन. होळी पेटली, थंडी गेली, अन् एका दुपारी चारुशीला हॉलमध्ये येऊन एवढंच म्हणे, "कूलर कुठी ठेवायचा?"

...काय सांगू! जन्म गेला नागपुरात! दरवर्षी याच खिडकीत तो कपाटाएवढा लोखंडी कूलर मीच बसवतो, त्याच्या जाळीतलं गवत मीच बदलतो... अन् स्वेटरात डोक्यातच नाही आलं! त्या सुपरवायझरच्या तं नाहीच! उलट म्हणे, "भाऊजी, हे तुम्ही पाहाले पाह्यजे होतं." मी काहून? मीच काहून बे? मागितलं काय होतं मी? चार फूट भिंत!

म्हटलं, मरून जाईन, पण फळी काढणार नाही! चारुशीला म्हणे, मंग कूलर बेडरूमच्या खिडकीत. तिथं अलमारी. अलमारी हॉलमध्ये आणायची, तं हॉलमध्ये दिवाण. दिवाण गॅलरीत टाकायचा, तं गॅलरीत कूलर. कूलर हॉलमध्ये घ्यायचा, तं परत दिवाण! म्हणजे आधी दिवाण स्वयंपाकघरात, मंग कूलर हॉलमध्ये, मंग दिवाण मागं, गॅलरीत, मंग अलमारी बाहेर, मंग कूलर आत... ढकलते कोण? मी! उन्मेषची कंबर दुखते ना! तो दिवाणावर बसून, दिवाणासकट सरकून राहिला, अन् वरून सांगते, "भाऊजी, स्वयंपाकघर आखूड पडलं!" चारुशीला दारात उभी, हात हलवून... "येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या... बस्स! मागं घ्या!" तिकडं फळीवर माहे पाच डबे जागचे हलले नाही. इकडं खरं शंटिंग सुरू, अन् इंजिन एकच!

तं आता असं आहे. कूलर बेडरूममध्ये, म्हणून जेवण तिथं, टीव्ही तिथं, चारुशीला तिथं, रविवारी उन्मेष पण तिथंच, पोह्यासकट. हॉलची भट्टी झाली. तिथं कोणी टोकत नाही, कोणी खोडत नाही. मागितली होती चार फूट भिंत, भेटला अख्खा हॉल! पाऊस पडेपर्यंत माहाच!

काल दुपारी हौसेनं गेलो. इंजिन उचललं... चटका बसला, ठेवून दिलं. गपचूप बेडरूममध्ये येऊन पडलो, तं चारुशीला म्हणे, "तिकडं सरका हो, हवा अडवून राहिले!"

सरकलो... पार भिंतीपर्यंत.