काचेखाली फिक्या न पडलेल्या खुणा

साक्षीदाराचे नाव व पत्ता: साक्षीदाराच्या विनंतीवरून बंद पाकिटात सोबत जोडले आहे. वय: सत्तावीस वर्षे. व्यवसाय: त्वचा संशोधन प्रयोगशाळेत संशोधन सहायक. राहणे: मैत्रिणीसोबत भाड्याच्या खोलीत.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील प्रयोगशाळा एक शास्त्रज्ञ पती-पत्नी मिळून चालवतात. आम्ही त्यांना सर आणि मॅडम म्हणतो, म्हणून या जबाबातही तसेच म्हणते. माझा प्रबंध दोघांच्या मार्गदर्शनाखाली आहे आणि तो अजून पुरा व्हायचा आहे. मला इथे सरांच्या सांगण्यावरून बोलावले आहे. त्यांनी चौकशीत माझे नाव घेतले.

त्वचेला सूज का येते आणि बरी झाल्यावर ती पुन्हा त्याच जागी का उठते, हा आमचा विषय आहे. शरीराच्या संरक्षणाच्या काही पेशी काम संपले तरी त्वचेतच मुक्काम ठोकतात आणि पुढच्या वेळी जरा निमित्त मिळाले की आधीपेक्षा लवकर पेटतात. या कामासाठी सर आणि मॅडम यांना काल संध्याकाळी संयुक्त पुरस्कार देण्यात आला. समारंभात मॅडम व्यासपीठावर चक्कर येऊन पडल्या. रुग्णालयात तपासताना डॉक्टरांना त्यांच्या पाठीवर गोल, लाल चट्टे ओळीने दिसले. ते सिगारेटच्या चटक्यांसारखे वाटल्याने डॉक्टरांनी पोलिसांना कळवले, असे मला सांगण्यात आले. सर आणि मॅडम दोघेही सिगारेट ओढत नाहीत.

पाठीवरचे चट्टे मी लावलेल्या चकत्यांचे आहेत. आम्ही संशयित पदार्थ छोट्या धातूच्या चकत्यांमध्ये भरतो, त्या चिकटपट्टीने पाठीवर लावतो, दोन दिवसांनी काढतो आणि मग त्वचा कशी उठली आहे ते बघतो. त्याला वाचन म्हणतात. मॅडम या अभ्यासात लेखी संमती देऊन सामील झाल्या होत्या. स्वतःच्या पाठीवर हात पोहोचत नाही, त्यामुळे हे काम दुसऱ्याला करावे लागते. कोणत्या चकतीत काय आहे ते वाचणाऱ्याला सांगत नाहीत. माहीत असले तर माणूस त्याला हवे तेच बघतो.

(साक्षीदार उठून खिडकीपाशी गेल्या. परत येऊन बसल्या.)

कालच चकत्या काढून वाचन करायचा दिवस होता. ते चुकवता येत नाही. म्हणून समारंभाआधी व्यासपीठामागच्या खोलीत मी ते केले. त्या खोलीत आरसा, हारांच्या पाट्या आणि एक मोडकी खुर्ची होती. दाराला कडी नव्हती, म्हणून मी खुर्ची दाराला लावली. मॅडमनी जाकीट काढले आणि पाठ माझ्याकडे केली. मी सूक्ष्मदर्शकाची कोरी काचपट्टी प्रत्येक चट्ट्यावर दाबून पाहिली. सुजेची लाली असेल तर दाबल्यावर रक्त बाजूला सरते आणि काचेखाली कातडी फिकी पडते. रक्त कातडीखाली सांडलेले असेल, म्हणजे मार लागलेला असेल, तर दाबूनही रंग जात नाही. पाठीवरचे सगळे चट्टे फिके पडले.

समारंभात सरांनी भाषण केले. ते चांगले बोलतात. ते म्हणाले की लोकांच्या यशामागे बायकोचा हात असतो, माझ्या यशामागे बायकोची पाठ आहे. सभागृह हसले. मॅडमही हसल्या. त्यानंतर थोड्याच वेळात त्या पडल्या. सकाळपासून त्यांनी काही खाल्ले नव्हते.

आज सकाळी मी रुग्णालयात मॅडमना भेटले. त्यांनी माझ्या प्रबंधाची चौकशी केली. मग म्हणाल्या, "सगळ्या खुणा आपल्या कामाच्याच आहेत असं सांग. तू सांगितलंस तर ते ऐकतील." पुढे त्या म्हणाल्या की पुरस्कार दोघांच्या नावाने आहे, पुढचे औषधाचे काम दोघांच्या नावाने आहे आणि एकाला बाजूला काढले तर सगळे कोसळते. ते औषध ज्यांना हवे आहे त्यांची मुले रात्रभर अंग खाजवत असतात, हेही त्यांनी सांगितले. ते खरे आहे. मी ती मुले पाहिली आहेत.

ठाण्याबाहेर आमच्या प्राणिगृहाचे काम बघणारे गृहस्थ थांबले होते. त्यांना आम्ही सगळे उंदीरमामा म्हणतो. ते प्रयोगशाळेत सर्वांत जुने आहेत आणि सरांना मुलासारखे मानतात. त्यांनी मला सांगितले की घर म्हटले की भांड्याला भांडे लागायचेच, त्याचा आवाज चावडीवर न्यायचा नसतो. माझ्या प्रबंधाचीही त्यांनी आठवण करून दिली. शेवटी म्हणाले, "पोरी, तुला पाठीचं विचारतील. पाठीचं सांग आणि घरी जा." मी म्हटले की काय विचारतील ते मला माहीत नाही. ते म्हणाले की तुझे हे असेच, सरळ उत्तर कधी द्यायचे नाही.

आत येताना व्हरांड्यात सर बाकावर बसलेले दिसले. शेजारी शिपाई होते. सरांच्या अंगात कालचाच कोट होता. मला पाहून ते हसले आणि शिपायांना म्हणाले, "आल्या आमच्या वाचनकार. आता बघा, दोन मिनिटांत माझी सुटका." मला म्हणाले, "सांग गं बाई यांना, आपल्याकडे पाठी कशा रंगवतात ते." मी नमस्कार केला. त्यांच्याशी नेहमी करते तसाच केला.

काचेची परीक्षा कशी होते ते मी इथल्या महिला अधिकाऱ्यांना दाखवले. पिशवीत काचपट्ट्या होत्या. मी माझा हात खाजवून लाल केला आणि काच दाबली. अधिकारी बाईंनी स्वतःच्या मनगटावर करून पाहिले. त्यांना घड्याळाच्या पट्ट्याने लाल वळ उठला होता, तो फिका पडला. त्या म्हणाल्या, "हे बरं आहे, कातडी खोटं बोलत नाही." मी म्हटले की कातडी काहीच बोलत नाही. मग त्यांनी विचारले की डॉक्टरांच्या कागदात उजव्या दंडावरच्याही खुणा लिहिल्या आहेत, त्या कसल्या.

(साक्षीदारांनी पाणी मागितले. दिले. प्यायल्या नाहीत. पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. विचारणा पुन्हा केली.)

दंडावर मी कधीही चकती लावलेली नाही. आमच्या अभ्यासात चकत्या फक्त पाठीवर लावतात. काल जाकीट काढल्यावर मॅडमच्या उजव्या दंडावर लांबट खुणा दिसल्या. बाहेरच्या बाजूला चार, एकाखाली एक. आतल्या बाजूला एक, बाकीच्यांपेक्षा रुंद. रंग जांभळा. कडा अस्पष्ट. हात पाठीवरून दंडावर गेला आणि मी तिथेही काच दाबली. त्या फिक्या पडल्या नाहीत. मी पुन्हा दाबली. मॅडम म्हणाल्या, "तो आपल्या अभ्यासाचा भाग नाही." मी काच खाली ठेवली. त्यांनी जाकीट घातले. बाही खाली ओढायला मी मदत केली, कारण हात वर नेताना त्यांना त्रास होत होता. बाहेरून सरांनी दार ढकलले, खुर्ची सरकली. मॅडम लगेच ताठ उभ्या राहिल्या. सर म्हणाले, चला, लोक खोळंबलेत. इतकेच म्हणाले. आवाज नेहमीचा होता.

पाठीवर चकत्या लावल्या त्या दिवशीही त्याच दंडावर काही दिसले होते. ते पिवळट होते, म्हणजे आधीचे. तेव्हा मी विचारले होते. मॅडमनी फ्रीजरचे दार लागल्याचे सांगितले. त्या फ्रीजरची मूठ मी नंतर जाऊन पाहिली. ती माझ्या कमरेशी येते. मॅडम माझ्यापेक्षा उंच आहेत.

दंड धरताना किंवा मारताना मी कुणाला पाहिलेले नाही. सरांनी माझ्याशी कधी वाईट वर्तन केलेले नाही. मॅडमनी माझ्याकडे कोणतीही तक्रार केलेली नाही. अधिकारी बाईंनी विचारले की मग तुमचे म्हणणे काय. माझे म्हणणे असे की पाठीवरचे चट्टे माझ्या हातचे आहेत आणि दंडावरच्या खुणा माझ्या हातच्या नाहीत.

मॅडम आज संध्याकाळी घरी जाणार आहेत. त्या घरी जातील तेव्हा तिथे आणखी कोण असेल, हे मी अधिकाऱ्यांना विचारले. त्यांनी बघतो म्हणून सांगितले. मी पुन्हा विचारले. तेव्हा त्यांनी मॅडमच्या धाकट्या बहिणीला माझ्यासमोर फोन लावला. ती यायला निघाली आहे. या जबाबात काय आहे ते मॅडमना दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मी स्वतः सांगणार आहे. त्या माझ्याशी बोलतील की नाही, ते मला माहीत नाही.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. लिहिणाऱ्यांनी एके ठिकाणी दंडावरच्या खुणा "पतीने केलेल्या" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले, कारण मी ते पाहिलेले नाही. त्यावर त्यांनी तिथे "फ्रीजरच्या दाराने झालेल्या" असे लिहिले. तेही खोडायला लावले. दोन्ही खोडलेल्या जागी माझी सही आहे. उरले आहे ते मी सांगितले तसेच आहे.